बाळाला विचारायचं कसं?

बारा दिवसांच्या नातीला मांडीवर घेऊन आजी बोलत बसलेली असते. ‘‘काय गं बाई, झोप झाली का? भूक लागली? होऽ? मग आधी नाही का सांगायचं?’’ प्रत्येक प्रश्नानंतर आजी जराशी थांबते. बाळ हात हलवतं, तोंडाचा चंबू करतं, नाहीतर एखादा हुंकार देतं. तेच उत्तर समजून आजी पुढचं वाक्य बोलते. शेजारी बसलेलं कुणीतरी शिकलेलं माणूस हसून म्हणतं, ‘‘अहो, तिला काय कळतंय एवढ्यात!’’

हा प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. यातल्या दोन्ही भूमिका आपण कधी ना कधी वठवलेल्याही असतील. मग बरोबर कोण, आजी की ते शिकलेलं माणूस? विज्ञान बराच काळ त्या शिकलेल्या माणसाच्या बाजूनं होतं. १९६० च्या सुमारापासून ते हळूहळू आजीच्या बाजूला सरकत गेलं, पण पूर्णपणे नव्हे. हा प्रवास कसा झाला ते या लेखात पाहू. शिक्षकांना तो मुद्दाम सांगावासा वाटतो, कारण त्यातला मुख्य प्रश्न आपल्या ओळखीचा आहे: ज्याला बोलता येत नाही, बोट दाखवता येत नाही, सूचना समजत नाहीत, अशा विद्यार्थ्याला काय येतं हे शोधायचं कसं?

डार्विनची नोंदवही

२७ डिसेंबर १८३९ रोजी चार्ल्स डार्विनला पहिला मुलगा झाला, विल्यम. डार्विननं त्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यांवर आधारलेला लेख त्यानं तब्बल ३७ वर्षांनी, १८७७ साली, ‘माइंड’ नावाच्या नियतकालिकात छापला. शिंक, उचकी, जांभई, आळोखेपिळोखे, चोखणं आणि रडणं या क्रिया पहिल्या सात दिवसांत नीट होत होत्या. सातव्या दिवशी तळपायाला कागद लावला, तर बाळानं पाय झटकन मागे घेतला आणि बोटं आखडली. नवव्या दिवशी त्याची नजर मेणबत्तीवर स्थिरावली. पुढे ४५ व्या दिवसापर्यंत दुसऱ्या कशावरही ती अशी स्थिरावलेली दिसली नाही. ४५ व्या दिवशीच बाळ खरंखुरं हसलं, आणि असं हसू येई ते मुख्यतः आईकडे पाहताना, असंही डार्विननं नोंदवलं.

डार्विनइतका बारकाईनं पाहणारा माणूस विरळाच. तरीही त्याच्या पद्धतीला एक मर्यादा होती. बाळ आपणहून काही करेल तेव्हाच नोंद होणार. बाळानं काही केलं नाही, तर त्याला ते जमत नाही असाच अर्थ निघणार. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसं या चुकीत वरचेवर सापडतो. मापकाचा काटा शून्यावर राहिला म्हणून मोजायची गोष्ट तिथे नाहीच, असं म्हणता येत नाही. काटाच पुरेसा नाजूक नसेल!

गोंधळ आणि शिस्त

१८९० साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या गाजलेल्या ग्रंथात कल्पना मांडली, की डोळे, कान, नाक, त्वचा यांच्याकडून एकदम येणाऱ्या संवेदनांचा बाळाच्या लेखी एक मोठा गलका होत असावा. ही कल्पनाच होती, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. पण ती इतकी चपखल वाटली, की पुढची सत्तर वर्षं पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ सिद्धांतासारखी वावरली.

जगाचा नुसता गलका ऐकणाऱ्या जिवाशी बोलून काय उपयोग? १९२८ साली जॉन वॉटसन यानं बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. वर्तनवादी मानसशास्त्राचा हा अध्वर्यू. मुलांना कुशीत घेऊ नका, त्यांचे मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा त्याचा सल्ला. पुस्तक भरपूर खपलं. ठरल्या घड्याळी दूध पाजावं, मध्ये रडलं तर उचलू नये, या मतालाही त्या काळात शास्त्रीयतेचं वलय होतं. आईचं मन एक सांगत होतं आणि पुस्तक दुसरंच. पुस्तकामागे पुरावा किती होता? फारच थोडा.

दोन चित्रं आणि एक भोक

कोंडी फुटली ती एका साध्या युक्तीनं. अमेरिकेत क्लीव्हलंड इथल्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात रॉबर्ट फँट्झ काम करत होता. त्याची सुरुवात कोंबडीच्या पिल्लांपासून झाली. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली, कधीही दाणा न पाहिलेली पिल्लं टोकदार वस्तूंपेक्षा गोल वस्तूंवर जास्त वेळा चोच मारतात, हे त्याला दिसलं. म्हणजे त्यांना आकारांतला फरक कळत होता. माणसाचं बाळ चोच मारत नाही. पण बघतं तर खरं!

फँट्झनं बाळाला उताणं ठेवायला एक छोटी पेटी केली. वर छताला दोन वेगवेगळी चित्रं, आणि मध्ये एक बारीक भोक. भोकातून पाहणाऱ्याला बाळाच्या बुबुळावर चित्राचं प्रतिबिंब दिसे. ज्या चित्राचं प्रतिबिंब बाहुलीवर, त्या चित्राकडे बाळ बघतंय. आता फक्त वेळ मोजायचा. बाळ एका चित्राकडे सातत्यानं जास्त वेळ बघत असेल, तर दोहोंतला फरक त्याला दिसतो हे नक्की. १९६३ साली ‘सायन्स’मध्ये त्यानं पाच दिवसांहून लहान बाळांचे निष्कर्ष छापले. कोऱ्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या चकत्यांपेक्षा ही बाळं नक्षीदार चकत्यांकडे जास्त वेळ बघत होती. नक्षी म्हणजे चेहरा, एकात एक वर्तुळं किंवा छापील मजकुराचा तुकडा.

बाळ तेच होतं. डार्विन वाट पाहत होता, फँट्झनं निवड करायला दिली. प्रश्न बदलला तसं उत्तर आलं.

या पद्धतीनं पुढे नजरेची तीक्ष्णताही मोजता आली. नवजात बाळाची नजर प्रौढांपेक्षा दहा ते तीस पटींनी कमी तीक्ष्ण असते, कारण दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या शंकुपेशी अजून पुऱ्या वाढलेल्या आणि दाटीनं बसलेल्या नसतात. दूरचं सगळं धूसर. पण अंगावर पिताना आईचा चेहरा वीसतीस सेंटिमीटरवर असतो. तेवढ्या अंतरावरून डोळे, तोंड आणि कपाळावरची केसांची कड हे ठळक भाग ओळखू येतात. १९९५ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या प्रयोगांत चार दिवसांची बाळं आईचा चेहरा पसंत करत होती. पण आईनं आणि परक्या बाईनं डोक्याला रुमाल बांधून केसांची कड झाकली, की ही पसंती नाहीशी होत होती. म्हणजे बाळ आईला ओळखतं, पण आपल्यासारखं नाकीडोळी पाहून नव्हे.

चोखण्याची भाषा

नजरेइतकीच आणखी एक गोष्ट बाळाच्या ताब्यात असते, ती म्हणजे चोखणं. १९७१ साली पीटर आयमस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रबरी निपलला दाब मोजणारं यंत्र जोडलं. बाळ जोरात चोखेल तेव्हा त्याला ‘बा’ असा आवाज ऐकू येई. नवा आवाज म्हणून बाळ भराभर चोखे, मग कंटाळून मंदावे. आता आवाज बदलून ‘पा’ केला, की चोखणं पुन्हा वाढे. एक महिन्याच्या बाळांनाही हा फरक कळत होता.

यापुढची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ निवडले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा फरक ऐकू येणं फार अवघड जातं. मात्र इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं तो सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या वयात त्यांची ही क्षमता जवळजवळ मावळलेली होती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांत मात्र ती टिकून होती. म्हणजे ज्ञानेंद्रियांचा विकास ही फक्त भर पडत जाण्याची क्रिया नाही. भोवतालची माणसं जे आवाज वापरतात ते धारदार होतात, न वापरलेले बोथटतात.

आणि हे ऐकणं जन्माआधीच सुरू झालेलं असतं. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या दहा बाळांना निवड दिली. चोखण्यांमधला विराम एका प्रकारे ठेवला तर स्वतःच्या आईचा आवाज, दुसऱ्या प्रकारे ठेवला तर दुसऱ्या आईचा. बहुतेक बाळांनी आपलं चोखणं अशा रीतीनं बदललं, की स्वतःची आई जास्त ऐकू यावी. १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गरोदर बायकांना शेवटच्या सहा आठवड्यांत एक ठराविक गोष्ट रोज मोठ्यानं वाचायला सांगितली. जन्मल्यावर बाळांनी तीच गोष्ट पसंत केली. ती दुसऱ्या कुणाच्या आवाजात असली तरीही. अर्थात त्यांना गोष्ट कळली होती असं नव्हे. पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून शब्द नीट पोचत नाहीत, पण बोलण्याची लय आणि चढउतार पोचतात. बाळाला ती लय ओळखीची होती.

वासाचंही तेच. १९७५ साली एडन मॅकफार्लेन यानं बाळाच्या डोक्याच्या एका बाजूला स्वतःच्या आईच्या आणि दुसऱ्या बाजूला परक्या आईच्या दुधानं भिजलेली घडी ठेवून पाहिली. सहा दिवसांची बाळं आपल्या आईच्या घडीकडे जास्त वेळ वळत होती. दोन दिवसांच्या बाळांत असा कल दिसला नव्हता. चार दिवसांत बाळ ते शिकलं होतं.

एकदा तू, एकदा मी

इथवरच्या प्रयोगांत बाळ एकटं होतं. पण प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी मांडीवर असतं. १९६० च्या दशकात चित्रफीत एकेक चौकट करून तपासण्याची सोय संशोधकांच्या हाती आली, आणि मग दोघांना एकत्र पाहणं शक्य झालं.

मेरी कॅथरीन बेटसन हिनं एका आईच्या आणि सात ते पंधरा आठवड्यांच्या बाळाच्या चित्रफिती अशा तपासल्या. आई बोले, थांबे. बाळ हुंकारे, थांबे. दोघं एकमेकांवर कुरघोडी न करता पाळीपाळीनं आवाज काढत होती. शब्द एकही नाही, पण संभाषणाचा सांगाडा तयार! याला तिनं आद्यसंभाषण अशा अर्थाचं नाव दिलं. एडिंबरो इथे कोल्विन ट्रेव्हर्थन यानं ही दिशा पुढे नेली.

केनेथ के यानं तर पाळीपाळीचा हा खेळ दूध पिण्यातच शोधला. बाळ सलग पीत नाही. चारदहा वेळा चोखतं, काही सेकंद थांबतं, पुन्हा चोखतं. थांबलं की आई त्याला हलकेच हलवते. का, असं विचारलं तर सांगते, ‘‘हलवलं की पुन्हा प्यायला लागतं.’’ केनं मोजून पाहिलं, तेव्हा गंमत दिसली. हलवत असताना बाळ पीत नाही; हलवणं थांबलं की पितं. पहिल्या दोन आठवड्यांत आयांचं हलवणं आपोआप आखूड होत जातं. कुणी कुणाला शिकवलं? दोघांनी एकमेकांना.

आता आजीच्या बोलण्याकडे वळू. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन यानं सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली. अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश, आणि सहावी मराठी! त्याच वर्षी आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. घरोघरी ज्याला लाडाचं बोबडं बोलणं म्हणतात, त्यालाही नियम असतात, हे त्यातून पुढे आलं. मंमं, दुदू, जोजो, भूभू, बाऊ, भुर्र हे शब्द आठवून पाहा. सोपे उच्चार, तीच अक्षरं पुन्हा पुन्हा, आणि विषय म्हणाल तर खाणं, झोप, प्राणी, लागणं, फिरायला जाणं. १९८५ साली ॲन फर्नाल्ड हिनं दाखवलं, की चार महिन्यांची बाळं नेहमीच्या बोलण्यापेक्षा असं उंच पट्टीतलं, हेल काढून केलेलं बोलणं ऐकण्यासाठी जास्त वेळा मान वळवतात.

थांबलेला चेहरा

आई वागते त्याला बाळ उत्तर देतं, की ही सगळी आईचीच कल्पना? हे तपासायला आईनं आपली पाळी चुकवून पाहायला हवी. एडवर्ड ट्रोनिक आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. १९७८ साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात एक ते चार महिन्यांची बाळं होती. आई आधी तीन मिनिटं बाळाशी नेहमीसारखी खेळे. नंतर तीन मिनिटं ती समोरच बसे, बाळाकडे बघे, पण चेहरा दगडासारखा ठेवी. बाळ आधी हसून बघे. आई हसत नाही. बाळ गंभीर होई, नजर वळवी, पुन्हा चोरून बघे, पुन्हा हसून पाही. असं काही वेळा झालं की अंग आणि मान फिरवून घेई आणि खिन्न होऊन बसे. आई तिथेच होती, दिसत होती. नव्हता तो फक्त प्रतिसाद. हा प्रयोग पुढे असंख्य वेळा, अनेक देशांत झाला आणि निष्कर्ष टिकला.

१९८५ साली लिन मरे आणि ट्रेव्हर्थन यांनी आणखी अवघड प्रश्न विचारला. आई आणि बाळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून एकमेकांना दिसत होते, तोवर गप्पा छान चालल्या. मग बाळाला आईच्या त्याच हसऱ्या मिनिटांची चित्रफीत दाखवली. आई हसरी, पण तिचं हसणं आता बाळाच्या कृतीशी जुळत नव्हतं. बाळं अस्वस्थ झाली. पुढे काही प्रयोगशाळांना असा परिणाम मिळाला, काहींना नाही; त्यामुळे हा निष्कर्ष थोडा जपूनच घ्यायला हवा.

चुकीच्या प्रश्नाची किंमत

बाळाला कळतं की नाही, हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. नवजात बाळाच्या चेतातंतूंवरचं मेदाचं आवरण पुरेसं तयार नसतं, म्हणून त्याला वेदना फारशी जाणवत नाही, आणि जाणवली तरी आठवत नाही, असं मानलं जाई. भूल इवल्या जिवाला झेपणार नाही ही भीतीही होतीच. परिणामी १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या चांगल्या रुग्णालयांतसुद्धा अपुऱ्या दिवसांच्या अनेक बाळांवर अत्यल्प भूल देऊन, कधी केवळ हालचाल थांबवणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत. बाळ हलत नव्हतं, म्हणून त्याला दुखत नव्हतं!

हे बदलण्यात मोठा वाटा मूळच्या भारतीय असलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांचा. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रक्तातून प्रश्न विचारला. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात काही बाळांना नेहमीच्या औषधांसोबत फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना नाही. ज्यांना दिलं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं खूपच वाढली आणि शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंतही जास्त झाली. त्याच वर्षी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नवजात बाळांनाही वेदनेपासून संरक्षण मिळायला हवं, असं निवेदन काढलं. बाळ सांगत नव्हतं असं नाही. ऐकायची सोय आपण केली नव्हती.

आजीचंही सगळं बरोबर नाही

मग आता आजीच जिंकली म्हणायचं का? थोडं थांबू. १९७७ साली अँड्र्यू मेल्ट्झॉफ आणि कीथ मूर यांनी जाहीर केलं, की दोनतीन आठवड्यांची बाळं मोठ्यांचं पाहून जीभ बाहेर काढतात. चाळीस वर्षं हे पाठ्यपुस्तकांत राहिलं. २०१६ साली ऑस्ट्रेलियात १०६ बाळांची वाढत्या वयात पुन्हा पुन्हा तपासणी झाली. जीभ दाखवली काय किंवा दुसरं काही दाखवलं काय, बाळं जीभ जवळजवळ तितक्याच वेळा काढत होती. मेल्ट्झॉफ यांना हा निष्कर्ष मान्य नाही आणि वाद चालू आहे. बाळाला काहीच कळत नाही असं मानणं ही चूक होती, तशी त्याला सगळंच कळतं असं मानणं हीही चूकच.

दुसरं असं, की संवादाची रीत एकच नसते. पापुआ न्यू गिनीमधल्या कालुली लोकांत आया तान्ह्या बाळाशी समोरासमोर फारसं बोलत नाहीत. त्याचं तोंड लोकांकडे करून धरतात आणि त्याच्या वतीनं, उंच आवाजात, स्वतःच इतरांशी बोलतात. बँबी शीफलिन हिनं ही माहिती नोंदवली. ती मुलंही बोलायला शिकतातच.

तिसरी गोष्ट आयांसाठी महत्त्वाची. या सगळ्या संशोधनाचा एक दुष्परिणाम झाला: जरा काही बिघडलं की आईचं चुकलं म्हणायची सोय झाली. ट्रोनिक यांनीच नंतर मोजलं, तेव्हा दिसलं की अगदी निरोगी जोड्यांमध्येही आई आणि बाळ एकमेकांशी जुळलेले असतात तो काळ साधारण एकतृतीयांशच असतो. बाकी वेळ सूर चुकलेला असतो, आणि दोघं मिळून तो परत जुळवतात. महत्त्व आहे ते या जुळवण्याला. ते बाबा, आजोबा, ताई किंवा पाळणाघरातल्या मावशी यांच्याशीही होऊ शकतं.

फँट्झच्या पेटीतलं बाळ आणि डार्विनच्या घरातलं बाळ यांच्यात फरक नव्हता. फरक होता तो प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. आपल्या वर्गातही काही मुलं प्रश्न विचारल्यावर गप्प उभी राहतात, आणि आपण वहीत शून्य लिहितो. ते शून्य मुलाचं असतं की आपल्या मापकाचं? उत्तर लिहून येत नसेल तर करून दाखवता येईल का, निवडून दाखवता येईल का, मातृभाषेत सांगता येईल का, हे एकदा पाहायला हरकत नाही. आणि प्रश्न विचारल्यावर, आजी थांबते तेवढं तरी थांबावं.